आधी पाय काढा

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटपाशी मी सायकलवरून पडले. कुणाचा धक्का लागला नव्हता, चाक खड्ड्यात गेले नव्हते, वेगात तोलही गेला नव्हता. गेट बंद होते म्हणून मी रीतसर ब्रेक लावून थांबले, आणि थांबल्यावर पडले. उभ्या जागी, सावकाश, एखादे कपाट कलंडावे तशी.

रेल्वे गेट बंद असताना तिथे ताटकळणे ज्यांच्या नशिबी आले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको की त्या वेळी पाहण्यासारखे दुसरे काहीच नसते. स्कूटरवाले, रिक्षावाले, भाजीच्या पिशव्या घेतलेली मंडळी रुळांकडे पाहत उभी असतात आणि गाडी काही येत नसते. अशा रिकाम्या डोळ्यांपुढे हेल्मेट घातलेली, शर्यतीचे बूट घातलेली एक मुलगी ऐटीत येऊन थांबते आणि दोन्ही पाय पेडलवर तसेच ठेवून आडवी होते. लोक हसले. काही मराठीत हसले, काही कानडीत हसले. हसू मात्र दोन्ही भाषांत एकसारखेच होते.

एक गृहस्थ तेवढे हसले नाहीत. गेटजवळ पंक्चर काढणारे एक अज्जा होते. ते उठून आले. माझा एक पाय अजूनही पेडलला चिकटलेलाच होता. त्यांनी वाकून बुटाचा तळवा पाहिला, पेडल पाहिले, माझी टाच हातात धरून बाहेरच्या बाजूला वळवली. खट् असा आवाज झाला आणि पाय सुटला. मग ते एवढेच म्हणाले, "मोदल काल तगीरी, आमेल निल्रि." म्हणजे, आधी पाय काढा, मग थांबा.

कानडी विभागाचे वाचक माझे लिहिण्यातले कानडी सांभाळून घेतील अशी आशा आहे. त्या कानडीविषयीही मला पुढे थोडे सांगायचे आहे. पण आधी पेडलविषयी.

साध्या सायकलीच्या पेडलवर आपण पाय नुसता ठेवतो आणि हवा तेव्हा उचलतो. शर्यतीच्या सायकलींना पूर्वी पेडलच्या पुढच्या अंगाला एक पिंजरा असे आणि त्यावरून पट्टा. पाय आत घालून पट्टा आवळायचा. या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणतात. पुढे पिंजरा गेला आणि त्याच्या जागी नवी युक्ती आली. बुटाच्या तळव्याला एक छोटा तुकडा बसवायचा, त्याला क्लीट म्हणतात, आणि तो पेडलमधल्या स्प्रिंगच्या पकडीत खटकन बसवायचा. क्लिप गेली म्हणून या पेडलला 'क्लिपलेस' म्हणू लागले. नाव क्लिपलेस, आणि पाय मात्र अडकलेला!

या पेडलांची हकीकत वाचताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. पाय अडकवणे हा प्रश्न फारसा अवघड नव्हताच. अवघड होते ते सोडवणे. इटलीतल्या चिनेल्ली यांनी १९७१ च्या सुमारास असे पेडल काढले होते. त्यात पाय पक्का बसे, पण सोडवायचा झाला तर खाली वाकून हाताने खटका सरकवावा लागे. सायकलपटूंनी त्याला मरणाचे पेडल असेच नाव ठेवले. १९८४ साली लुक या फ्रेंच कंपनीने नवे पेडल बाजारात आणले. ही कंपनी बर्फावरून घसरण्याच्या स्कीसाठी पायाची बंधने करणारी. स्कीवरून पडणाऱ्याचा पाय पिरगळून मोडू नये म्हणून ठरावीक जोर बसताच बूट आपोआप सुटला पाहिजे, हे तिला पक्के ठाऊक होते. तेच तत्त्व तिने सायकलीला लावले. टाच बाहेर वळवली की सुटका. हाताचे काम नाही. दुसऱ्याच वर्षी, १९८५ साली, बर्नार इनो याने ही पेडले वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत पाचव्यांदा जिंकली. १९९० साली जपानच्या शिमानो कंपनीने डोंगरी सायकलींसाठी एसपीडी नावाची पेडले काढली. त्यांची क्लीट तळव्याच्या खाचेत बसत असल्यामुळे ते बूट घालून चालताही येते. पन्नास वर्षांची ही सारी धडपड म्हणजे सुटका सोपी करण्याची धडपड आहे.

मग सुटका इतकी सोपी असताना माणूस पडतो कसा? याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण सायकलीच्या स्वभावातले आहे. चालती सायकल डावीकडे कलली की आपण नकळत हँडल डावीकडे वळवतो, चाके पुन्हा आपल्या वजनाखाली येतात आणि तोल सावरतो. हे दर क्षणाला चालू असते. सायकल स्वतःहून तोल कसा राखते याविषयी शास्त्रज्ञांचे वाद बरीच वर्षे चालले. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणाशिवायही ती सावरू शकते, असे २०११ साली प्रयोगाने दाखवले गेले. पण थांबलेल्या सायकलीबाबत मात्र वाद नाही. चाके फिरत नसतील तर हँडल वळवून ती वजनाखाली आणता येत नाहीत. अशा वेळी जमिनीवर टेकलेला पाय हाच आधार.

दुसरे कारण आपल्या अंगात मुरलेले आहे. आठव्या वर्षापासून सायकल चालवणाऱ्या माणसाला तोल जाऊ लागताच पाय वर उचलायची सवय असते. पाय वर ओढला तर सुटू नये, याच हेतूने हे पेडल केलेले असते. ते फक्त टाच वळवणाऱ्याला सोडते. म्हणजे जी सवय आजवर वाचवत आली, तीच इथे घात करते. मी त्या दिवशी दोनदा पाय वर ओढला. तिसऱ्यांदा ओढेपर्यंत डांबर आले.

आता खरी गोष्ट सांगते. ही दोन्ही कारणे पडण्यापूर्वी मला ठाऊक होती. सायकल आणि बूट माझ्या मामेबहिणीचे. ती नोकरीसाठी परदेशी जाताना मला देऊन गेली. फोनवर तिने बजावले होते, "हे बघ, आधी भिंतीला धरून उभी राहा. पन्नास वेळा पाय अडकव, पन्नास वेळा सोडव. मग गवतावर चालव. रस्त्यावर लगेच जाऊ नकोस." मी म्हटले, "हो ताई." आणि यांतले काहीच केले नाही.

का केले नाही? आळस म्हणून नव्हे. भिंत आहे, गवत आहे, ते सारे आपल्या कॉलेजच्या मैदानावरच आहे. पण मैदानाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी कोण बसलेले असते हे आपण सारेच जाणतो. भिंतीला धरून सायकलवर बसलेली, जागच्या जागी टाच वळवणारी विसाव्या वर्षाची मुलगी त्यांना दिसली असती तर, "काय गं, सायकल येत नाही होय?" हा प्रश्न ठरलेला होता. जी गोष्ट मला बारा वर्षांपासून येते ती येत नाही असे दिसणे मला सोसणारे नव्हते. म्हणून मी रविवारी पहाटे, कुणी ओळखीचे नसताना, एकदम येळ्ळूरच्या रस्त्याला लागले. राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. वाटेत थांबावे लागू नये म्हणून वळतानाही पाय टेकला नाही. थांबण्याची परीक्षा आली ती थेट बंद गेटपुढे. पायऱ्यांवरच्या दहा जणांचे हसू चुकवायला गेले, आणि गेटवरच्या शंभरांचे पदरात पडले.

हसू पदरात पडले एवढ्यावरच भागले हे नशीब. मी डावीकडे, कडेच्या मातीत पडले. उजवीकडे इंजिन चालू ठेवून एक टेम्पो उभा होता. त्या बाजूला कलंडले असते आणि त्याच वेळी गेट उघडले असते, तर काय झाले असते याचा विचार मी अजूनही पुरा करू शकत नाही. म्हणून माझे मत असे झाले आहे की, मला पेडलने पाडले नाही. शिकाऊ दिसण्याच्या लाजेने पाडले. ज्या धड्याला भिंतीपाशी अर्धा तास पुरला असता, तो मी लाजेपोटी भर रस्त्यावर गिरवला.

घरी आल्यावर या मताची दुसरी बाजू दिसली. पडताना मी डावा हात पुढे टेकला होता. मनगट सुजले. हाड मोडले नव्हते, पण तीन आठवडे पट्टा बांधावा लागला. डॉक्टर म्हणाले, पडणारा माणूस हात पुढे करतो आणि मग मनगट तरी जाते किंवा खांद्याचे हाड तरी. आई म्हणाली, "पुरे झाली ती सायकल. चारचौघांत शोभा नको." तिच्या त्या दिवसाच्या बोलण्यात माझे मनगट एकदा आले आणि लोक चारदा आले. मी तिला दोष देत नाही. तिचा जीव घाबरला होता. पण मागच्या वर्षी माझा भाऊ मोटारसायकलवरून पडला, कपाळाला टाके पडले, तेव्हा त्याला सारे घर म्हणाले, "सावकाश चालवत जा." मोटारसायकल सोड असे कुणी म्हटले नाही. मुलगा पडला तर तो शिकतो आहे, आणि मुलगी पडली तर तिने शोभा केली, हा हिशेब कुणी घातला ते मला माहीत नाही. मात्र तो हिशेब मोडल्याशिवाय आपल्याकडे पुष्कळ मुली पुष्कळ गोष्टी शिकणार नाहीत, हे मला दिसते.

पडणे ही नवख्यांचीच मक्तेदारी आहे असेही नाही. जून २०२२ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जो बायडन डेलावेअरमधल्या समुद्राकाठच्या एका उद्यानात सायकल चालवत होते. जमलेल्या लोकांशी बोलायला ते थांबले, आणि माझ्यासारखेच थांबल्यावर पडले. पाय टो-क्लिपमध्ये अडकला, असे त्यांनीच सांगितले. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. ते उठले आणि लोकांशी बोलू लागले. पण त्या पडण्याची चित्रफीत जगभर फिरली आणि जग हसले. दुसरीकडे, ज्या इनोचा उल्लेख वर केला, तो १९८५ च्या त्याच शर्यतीत सेंत-एतिएनजवळ टप्प्याच्या अखेरीस इतरांबरोबर पडला. नाक मोडले. मोडक्या नाकानिशी त्याने शर्यत पुरी केली आणि जिंकली. त्याला हसल्याचे कुठे वाचनात आले नाही. शर्यतीत पडणे लोकांना शूराचे वाटते आणि उभ्या जागी पडणे हास्यास्पद वाटते. वस्तुतः पहिल्यात वेग असतो आणि दुसऱ्यात नसतो, एवढाच काय तो फरक.

कुणी म्हणेल, पडणाऱ्याला हसणे हा मनुष्यस्वभाव आहे. त्यात वाईट काय? मान्य आहे. मीही पुढे आठ दिवसांनी, मैत्रिणींना ते पडणे करून दाखवताना, पोट धरून हसले. हसण्यावर माझा राग नाही. माझा आक्षेप त्या हसण्याला आहे, जे हसून झाल्यावर पुन्हा रुळांकडे तोंड करते. शंभर माणसांत हात पुढे करणारे एक अज्जा निघाले. निदान पाच जण तरी निघायला हवे होते, असे मला वाटते.

दुसरे कुणी म्हणेल, असली पेडले हवीत कशाला? हा प्रश्न मात्र रास्त आहे. बाजारात जायला, कॉलेजला यायला त्यांची मुळीच गरज नाही. पाय खाली जाताना दाबता येतो तसा वर येताना ओढताही येतो, म्हणून शक्ती वाचते, असे सांगितले जाते. पण मुद्दाम ओढत राहिल्याने दम उलट अधिक लागतो, असे प्रयोगांत आढळले आहे. फायदा आहे तो वेगळा. खडबडीत रस्त्यावर पाय घसरत नाही, आणि चढावर उभे राहून पेडल मारताना पाय जागचा हलत नाही. ज्याला घाट चढायचे आहेत त्याने ती जरूर वापरावी. ज्याला केवळ ऐट करायची आहे त्याने माझ्याकडे पाहावे.

मनगट बरे झाल्यावर मी अज्जांकडे गेले. घाटाकडे जाणारे सायकलवाले त्यांच्याकडे हवा भरायला थांबतात, त्यामुळे हा सारा प्रकार त्यांना ठाऊक होता. त्यांनी आणि फोनवरून ताईने मिळून जे शिकवले ते थोडक्यात सांगते. कुणाच्या तरी मनगटाला उपयोगी पडेल. पेडलच्या स्प्रिंगचा ताण छोट्या अ‍ॅलन कीने कमी करता येतो. सुरुवातीला तो अगदी कमी ठेवावा. बाजारात दोन तऱ्हेच्या क्लीट मिळतात. एक फक्त टाच बाजूला वळवल्यावर सुटते, दुसरी पाय जोराने तिरका वर खेचल्यावरही सुटते. नवख्याने दुसरी घ्यावी. भिंतीला धरून दोन्ही पायांचा सराव करावा, हात थकेपर्यंत. थांबण्याच्या पंधरावीस पावले आधीच एक पाय सोडवावा, आणि आपल्या देशात तो डावा असावा. ज्या देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात तिथे कडेचा पाय उजवा असतो. तिथल्या माणसाचे पाहून आपण उजवा पाय काढला तर कलणार ते वाहनांकडे. पाय सोडल्यावर अंगाचा भार त्याच बाजूला ठेवावा. डावा पाय सोडवून उजवीकडे कलणारेही मी पाहिले आहेत. आणि इतके करूनही पडायची वेळ आलीच, तर हात हँडलवरच ठेवावेत.

हे सारे मी कुठे शिकले? गेटपाशी, अज्जांच्या दुकानाच्या खांबाला धरून, सगळ्यांदेखत. पहिल्या दिवशी चार पोरे हसली. दुसऱ्या दिवशी दोघे आले. तिसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाने सायकल धरली.

आता कानडीविषयी. मी जन्मापासून बेळगावात आहे. कानडी मला समजते, पण मी बोलत नसे. चूक होईल, लिंगवचन चुकेल, समोरचा हसेल. माझ्या वर्गात कानडी माध्यमातून आलेली एक मैत्रीण आहे. तिला मराठी समजते, पण ती बोलत नाही. कारण तेच. तीन वर्षे आम्ही एका बाकावर बसून एकमेकींशी मोडक्या इंग्रजीत बोलत आलो. दोघींनाही एकमेकींची भाषा येत होती. शिकाऊ दिसण्याची तयारी मात्र एकीचीही नव्हती. हेही उभ्या जागी पडणेच म्हणायचे. पोहणे असो, व्यासपीठावर बोलणे असो, प्रयोगशाळेत "सर, हे मला कळले नाही" असे म्हणणे असो, आपल्यापैकी कितीजण केवळ भिंतीला धरायची लाज वाटते म्हणून ते शिकत नाहीत, याचा प्रत्येकाने स्वतःशी विचार करावा.

म्हणून आपल्या जिमखान्याला माझी एक विनंती आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, एक तास, मैदानाचा भिंतीकडचा कोपरा शिकाऊंसाठी राखून ठेवावा. तिथे ज्याला जे येत नाही ते त्याने उघडपणे शिकावे. मुलींनी सायकल शिकावी. ज्यांना येते त्यांनी नवी पेडले शिकावीत. मुलांनीही यावे, कारण सायकल न येणारे मुलगे आपल्याकडे आहेत आणि ते मुलींहून अधिक लपून राहतात. यासाठी खर्च लागत नाही, ठरावही लागत नाही. पायऱ्यांवरच्या मित्रांनाही माझे आग्रहाचे आमंत्रण आहे. हसायचे असेल त्यांनी जरूर हसावे; पण एक हात सीटला लावून हसावे.

आईने सायकल अजून मनापासून मान्य केलेली नाही. परवा मात्र निघताना तिने विचारले, "सुटतो ना गं तो पाय नीट?" मी अंगणातच, भिंतीला न धरता, तिला सुटून दाखवला.

दुसरे गेट अजूनही माझ्या वाटेत येते आणि अजूनही बरेचदा बंद असते. मी लांबूनच डावी टाच वळवते, पाय टेकते आणि अज्जांशी माझ्या मोडक्या कानडीत बोलते. माझ्या चुका ऐकून ते हसतात आणि बरोबर शब्द सांगतात. गाडी येईपर्यंत दोनचार नवे शब्द होतात.

— एक विद्यार्थिनी, बी.एस्सी., अंतिम वर्ष